आज्ञा-पुस्तिका, युनिक्स व लिनक्स

संगणकास द्यावयाच्या आज्ञांचे व प्रणालीच्या अंतर्गत सेवांचे वर्णन करणारी संदर्भपृष्ठे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये सिद्ध केली. तीत ज्ञात दोषांसाठी स्वतंत्र शीर्षक होते. पुढे लिनक्सची पृष्ठे अनेक स्वयंसेवकांच्या लेखनातून वाढली व मजकुराच्या पडताळणीस महत्त्व आले. कारण चुकीच्या वर्णनावर विसंबून दिलेली आज्ञा साठविलेली माहिती नष्ट करू शकते. २००४ मध्ये संपादनाची धुरा स्वीकारणारे मायकेल केरिस्क यांनी मजकूर मूळ आज्ञावलीशी ताडून व लहान चाचण्या लिहून तपासण्यावर भर दिला. या पडताळणीत केवळ पृष्ठांतीलच नव्हे, तर खुद्द प्रणालीतील दोषही उघडकीस आले.