आखूड पासांचं कूळ

बर्नली या इंग्लिश फुटबॉल क्लबकडून खेळताना जिमी हॉगनचा एक फटका गोलावरून उडाला. पाय चुकला की तोल, असं त्यानं व्यवस्थापकाला विचारलं. उत्तर मिळालं: मारत राहा, दहातला एक गेला तरी पुष्कळ! लँकेशरमधल्या नेल्सन गावी १८८२ साली जन्मलेल्या या पोराला ते काही पटलं नाही.

त्या काळी इंग्लिश क्लबांत ‘ट्रेनर’ असे, पण त्याचं काम खेळाडूंना मैदानाभोवती पळवणं आणि दुखरे पाय चोळणं. आठवडाभर चेंडू दाखवलाच नाही, तर शनिवारी पोरं त्याच्यासाठी भुकेली असतील, असा अजब हिशेब. चेंडू खेळवणं शिकवावं लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

हॉगनला विद्या मिळाली फुलहॅम क्लबमध्ये, स्कॉटिश सहकाऱ्यांकडून. उंच फटका मारून मागे धावत सुटण्यापेक्षा जमिनीलगत, आखूड पास देत पुढे सरकायचं, ही स्कॉटलंडची रीत. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने ती १८७०च्या दशकात रुजवली होती.

१९१० साली तो हॉलंडमध्ये डॉर्ड्रेख्टला शिकवायला गेला. १९१२मध्ये ऑस्ट्रियन फुटबॉलचा सूत्रधार ह्यूगो माइस्लने त्याला व्हिएन्नाला बोलावलं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रियातच होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झाली. पुढे बुडापेस्टच्या एमटीके क्लबच्या वजनदार मंडळींनी त्याला मागून घेतलं. खंदकांत माणसं मरत होती आणि हा नजरकैदी हंगेरियन पोरांना चेंडू पायाशी थांबवायला शिकवत होता. १९१६-१७पासून एमटीकेने सलग नऊ वेळा लीग जिंकली, पायाभरणी हॉगनची.

युद्ध संपल्यावर त्याने मायदेशी फुटबॉल असोसिएशनकडे मदत मागितली. हाती पडले खाकी मोज्यांचे तीन जोड, असं तो सांगे. त्या कारभाऱ्यांची पारख एवढीच! १९३०च्या दशकात फुलहॅमने त्याला व्यवस्थापक नेमलं आणि हंगाम संपण्याआधीच काढलंही; मुरलेल्या खेळाडूंना कसली शिकवणी, ही तक्रार. अ‍ॅस्टन व्हिला मात्र १९३८मध्ये त्याच्याच हाताखाली पुन्हा पहिल्या श्रेणीत आला.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं. हॉगनने शिकवलं तसंच आम्ही खेळलो, असं हंगेरीचा प्रशिक्षक गुस्ताव शेबेशने उघड सांगितलं. हॉगन तेव्हा व्हिलाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता.

हे कूळ जर्मनीतही पोहोचलं. ड्रेस्डेनमध्ये हॉगनकडे शिकलेला हेल्मुट श्योन पुढे पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक झाला. हॉगन जानेवारी १९७४मध्ये वारला. त्याच जुलैत श्योनच्या संघाने विश्वचषक जिंकला.