औषधजन्य अवयव-इजेवरील वनस्पतिज उपाय

औषधांच्या विषारी परिणामापासून यकृत, मूत्रपिंड, हृदय इत्यादी अवयवांचा बचाव व्हावा म्हणून अभ्यासले जाणारे वनस्पतींचे अर्क व घटक.

इजेची कारणे : पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेत तयार होणारा विषारी चयापचयी पदार्थ यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा संपवतो आणि पेशी मरतात. जेंटामायसीन हे प्रतिजैविक मूत्रपिंडाच्या नलिकांत साचून त्यांना इजा करते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसीन हृदयस्नायूला, तर क्षयावरील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यकृताला बाधू शकतात.

वनस्पती : कुटकी, भुईआवळी, काळमेघ व पुनर्नवा (घेटुळी) यांवर भारतात बरेच संशोधन झाले आहे. कुटकीपासूनचे पिक्रोलिव्ह लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केले. युरोपीय मिल्क थिसलमधील सिलिबिनीन विषारी अळंबीच्या बाधेत शिरेतून देतात. बहुतेक पुरावा मात्र उंदरांवरील प्रयोगांचा आहे. मानवी चाचण्या थोड्या आहेत.

पुण्याजवळच्या निगडी परिसराचा या विषयाशी संबंध : शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या औषधकंपनीत पेनिसिलीनबरोबर स्ट्रेप्टोमायसीनही बने; स्ट्रेप्टोमायसीनने अंतर्कर्णाला इजा होऊ शकते. निगडीच्या यमुनानगरातील मॉडर्न कॉलेज ऑफ फार्मसीत औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते. औषधशास्त्र व वनौषधिशास्त्र हे त्यातील विषय होत.

सावधगिरी : वनस्पतिज म्हणजे निर्धोक नव्हे. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृत-इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्याशी असहमती दर्शवली. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पती मूत्रपिंड निकामी करू शकतात. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन हाच प्रस्थापित उतारा असून तो रुग्णालयात तातडीने द्यावा लागतो.