सत्वर गुणाची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या भगिनींस, ज्यांना आम्ही सर्व भावंडें अक्का म्हणतों, एक विलक्षण दुखणें जडलें. त्यांचें वय ६९. सदाशिव पेठेंतील जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचें बिऱ्हाड. दिवसांतून चार वेळां लांकडी जिना चढण्या-उतरण्याची त्यांना संवय. एके दिवशीं सकाळीं जाग आली तों दोन्ही खांदे आंखडलेले. पुढें मांड्या व कंबर धरली. अंबाडा घालण्यास हात वर जाईनात, पाटावर बसल्या तर उठवेना, अंथरुणांत कुशीवर वळणें म्हणजे एक शिक्षाच. सकाळचे दहा वाजेपर्यंत अंग मोकळें होत नसे. आमच्या पेठेंत सल्ला देणारांची वाण नाहीं. कोणी संधिवात म्हणे, कोणी वाताचा प्रकोप म्हणे, आणि बहुतेक लोक वय झालें असें सांगून मोकळे होत. शेक, तेल, काढे व दुखणें मारणाऱ्या गोळ्या ह्यांत तीन महिने गेले.

अखेर एका डॉक्टरांनीं रक्त तपासलें. तांबड्या पेशी नळीच्या तळाशीं बसण्याचा वेग फार वाढलेला होता. त्यांनीं रोगाचें नांव सांगितलें, ‘पॉलिमायाल्जिया रुमॅटिका’; आणि प्रेडनिसोलोन नांवाचें औषध रोज १५ मिलिग्रॅम सुरू केलें. तो मंगळवार होता. गुरुवारीं सकाळीं अक्कांनीं आपला अंबाडा आपणच घातला आणि जिना उतरून मंडईंतून भाजी आणली. वाड्यांतील मंडळी त्या दिवशीं चमत्कार पाहिल्यासारखी त्यांच्याकडे पाहत होती.

परंतु ह्या औषधास स्टिरॉइड म्हणतात हें अक्कांच्या कानीं आलें, आणि शेजारणींनीं त्याचे अनर्थ वर्णन केले. दीड महिना गोळी घेतल्यावर ‘गुण आला, आतां कशाला?’ असें मनाशीं म्हणून त्यांनीं ती कोणास न सांगतां बंद केली. पांचव्या दिवशीं त्या पुन्हां अंथरुणास खिळल्या. ह्या खेपेस दुखण्याच्या जोडीला अशक्तता व घेरीही होती. मी इतिहासाचा शिक्षक. औषधांत मला गति नाहीं. तथापि दोन दिवसांत गुण देणारें हें औषध आलें कोठून आणि तें सोडतां कां येत नाहीं, हें समजून घेण्यासाठीं त्याचा इतिहास वाचूं लागलों. तेव्हां दिसून आलें कीं अक्कांनीं केली ती चूक त्यांच्या एकट्यांची नव्हे. सत्वर आलेल्या गुणाचा अर्थ लावतांना अवघें वैद्यकविश्वही एकदां असेंच चुकलें होतें.

रोग जुनाच असावा. १८८८ सालीं विल्यम ब्रूस ह्या स्कॉटिश डॉक्टरांनीं, उत्तर स्कॉटलंडांतील स्ट्रॅथपेफर ह्या आरोग्यस्नानाच्या गांवीं पाहिलेल्या पांच वृद्ध रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सांधे फारसे सुजलेले नाहींत, पण माणूस हलूं शकत नाहीं, असें तें चित्र आहे. आपल्याकडे माधवनिदानांत आमवातास स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सुश्रुतानें खांद्याच्या दुखण्यास अवबाहुक म्हटलें आहे. त्यांतील एखादा रोगी अक्कांसारखा नसेलच असें म्हणवत नाहीं. परंतु जुन्या नांवावर नवा रोग चिकटविण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्यानें आवरलेला बरा. ब्रूस ह्यांच्या मागून साठ वर्षें हें दुखणें निरनिराळ्या नांवांखालीं विखुरलेलें राहिलें, व बहुधा वार्धक्याच्या खात्यावर जमा होत गेलें.

औषधाची कथा निराळ्याच वाटेनें सुरू होते. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ सालीं त्यांच्या एका रोग्यास कावीळ झाली, आणि कावीळ असेपर्यंत त्याचे सांधे मोकळे झाले. गरोदरपणांतही कित्येक स्त्रियांचा संधिवात तात्पुरता हटतो, हेंही त्यांनीं पुढें पाहिलें. जो रोग हटत नाहीं असें सर्व मानीत होते तो कांहीं काळ हटूं शकतो, तर हटविणारें कांहींतरी द्रव्य शरीरांतच असलें पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. त्याच संस्थेंत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ, मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतील द्रव्यें एकेक करून वेगळीं काढीत होते. स्वित्झर्लंडांत टाडेउश राइखस्टाइन हेही त्याच उद्योगांत होते. केंडॉल ह्यांच्या द्रव्यांपैकीं ‘इ’ हें द्रव्य रोग्यास देऊन पाहावें असें दोघा मित्रांनीं १९४१ सालीं ठरविलें. परंतु देण्याजोगें तें होतें कोठें? मर्क कंपनींतील लुइस सॅरेट ह्यांनीं बैलांच्या पित्तांतील आम्लापासून सुमारें ३६ पायऱ्या चढून तें बनविलें, तेव्हां कोठें चिमूटभर द्रव्य हातीं आलें.

ता. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं २९ वर्षांच्या एका स्त्रीस १०० मिलिग्रॅमचें पहिलें इंजेक्शन मिळालें. संधिवातानें ती जवळजवळ बिछान्याची झाली होती. तीनच दिवसांत ती चालूं लागली, आणि आठवड्याभरांत शहरांत जाऊन खरेदी करून आली. अक्कांची मंडईची फेरी वाचकांच्या ध्यानांत असेलच! एप्रिल १९४९ मध्यें हेंच ह्यांनीं चौदा रोग्यांचा वृत्तांत आपल्या सहकाऱ्यांपुढें मांडला. रोग्यांचीं चलच्चित्रेंही दाखविलीं. औषधापूर्वीं खुर्चींतून उठूं न शकणारीं माणसें औषधानंतर पायऱ्या चढतांना दिसलीं. ‘इ’ द्रव्यास कॉर्टिझोन हें नांव मिळालें, आणि १९५० सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखस्टाइन ह्यांना विभागून देण्यांत आलें. पहिल्या इंजेक्शनापासून ह्या सन्मानापर्यंत पुरतीं अडीच वर्षेंही लोटलीं नव्हतीं.

वर्तमानपत्रांनीं संधिवात जिंकला असें जाहीर केलें. हेंच मात्र सावध होते. हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे, औषध थांबतांच दुखणें परततें, हें त्यांनीं आरंभापासून बजाविलें होतें. पण ज्याला तीन दिवसांत पाय मिळाले तो असला इशारा कशाला ऐकतो? दीर्घ काळ व मोठ्या प्रमाणांत औषध घेतलेल्या रोग्यांचे चेहरे चंद्रासारखे वाटोळे झाले. शरीरांत तेंच द्रव्य अति झालें म्हणजे दिसणारें हें रूप हार्वे कुशिंग ह्यांनीं १९३२ सालींच वर्णिलें होतें. कोणाचीं हाडें ठिसूळ झालीं, कोणाची साखर वाढली, कोणाचें चित्त भ्रमलें. १९५२ सालीं आणखी एक भयंकर गोष्ट उजेडांत आली. कॉर्टिझोन घेणाऱ्या एका रोग्याचें औषध शस्त्रक्रियेच्या सुमारास थांबविलें, आणि तो बेशुद्धींत जाऊन दगावला. बाहेरून आयतें द्रव्य मिळूं लागल्यावर त्याच्या स्वतःच्या ग्रंथि काम सोडून सुकून गेल्या होत्या. अक्कांची घेरी कोठून आली तें येथें कळतें. १९५४ सालीं ब्रिटनमध्यें संधिवाताच्या ६१ रोग्यांपैकीं कांहींना कॉर्टिझोन व कांहींना साधी अ‍ॅस्पिरिन देऊन तुलना केली. वर्षाअखेर दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पांच वर्षांत देवत्वापासून संशयापर्यंत उतरलेलें असें औषध विरळा.

ह्याच वर्षांत अक्कांच्या रोगास रूप येत होतें. फ्रान्समध्यें एक्स-ले-बेन येथील फोरेस्तिए ह्यांनीं सर्तोन्सिनी ह्यांच्यासह १९५३ सालीं खांदे व कंबर धरणाऱ्या ह्या दुखण्यास स्वतंत्र नांव दिलें. १९५७ सालीं इंग्लंडांत स्टुअर्ट बार्बर ह्यांनीं बारा रोग्यांचें वर्णन करून पॉलिमायाल्जिया रुमॅटिका हें आज रूढ असलेलें नांव योजिलें. १९५५ सालीं प्रेडनिसोन बाजारांत आलें होतें. तें कॉर्टिझोनहून थोड्या प्रमाणांत पुरे. आणि असें दिसूं लागलें कीं सामान्य संधिवातांत ज्या औषधाचा भरंवसा उडाला होता, तें ह्या रोगांत अगदीं अल्प प्रमाणांतही विलक्षण चालतें. १९६० सालीं पॉली व ह्यूज ह्यांनीं हा रोग आणि वृद्धांच्या कानशिलांवरील रक्तवाहिन्यांचा दाह हीं एकाच कुळांतलीं आहेत, असें प्रतिपादन केलें. त्या दाहानें एकाएकीं दृष्टि जाते. त्यामुळें अशा रोग्यानें नवी डोकेदुखी, चावतांना जबडा दुखणें किंवा डोळ्यांपुढें अंधारी येणें ह्यांकडे काणाडोळा करूं नये.

पुढें ह्या सत्वर गुणाला मोठाच मान मिळाला. रोग ओळखण्याचीं जीं गमकें १९८१ सालीं जोन्स व हेझलमन ह्यांनीं सांगितलीं, त्यांत ‘स्टिरॉइडनें त्वरित व ठळक गुण येणें’ हेंही एक होतें. म्हणजे औषधानेंच रोगाचा पुरावा द्यावा! आमच्या पेठेंत १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथील दप्तरांत ज्यानें चार दिवस काढले आहेत, त्याला अशा पुराव्याचा मोह आणि धोका दोन्ही ठाऊक असतात. आपल्याला हवें तेंच सांगणारें पत्र पहिल्याच रुमालांत सांपडलें, तर शहाणा संशोधक आनंदतो, पण दुसरा कागद शोधल्यावांचून लेखणी उचलीत नाहीं. वैद्यकानेंही दुसरा कागद शोधला. २००७ सालीं ब्रिटनमधील एका अभ्यासांत असें दिसलें कीं रोज १५ मिलिग्रॅम घेऊन तीन आठवडे झाल्यावर पूर्ण गुण आलेले रोगी सुमारें निम्मेच होते. उलट, दाह कसलाही असो, स्टिरॉइडनें तो थोडाबहुत दबतोच. मग २०१२ सालीं युरोप व अमेरिका येथील तज्ज्ञांनीं जीं नवीं गमकें ठरविलीं त्यांत पन्नाशीच्या पुढचें वय, दोन्ही खांद्यांचें दुखणें, रक्तांतील दाहाचीं चिन्हें, पाऊण तासाहून अधिक काळ टिकणारा सकाळचा ताठरपणा ह्या गोष्टी आल्या; औषधाचा गुण मात्र त्यांतून वगळला गेला. त्याला साक्षीदाराचें आसन राहिलें, न्यायाधीशाचें गेलें.

मला ह्या इतिहासांतून इतकेंच घ्यावेंसें वाटतें. दुसऱ्या दिवशीं आलेला गुण खरा असतो. तो भासही नव्हे आणि कृपाही नव्हे. स्टिरॉइड पेशींत शिरून दाह पेटविणाऱ्या द्रव्यांची निर्मिति मंदावतें, आणि आंखडलेलें अंग सुटतें. परंतु दाह कां पेटला हें मूळ त्यानें उपटलेलें नसतें. तें आपोआप विझण्यास वर्ष, दोन वर्षें, क्वचित् त्याहून अधिक काळ लागतो. तोंवर ज्वाला दबलेली ठेवावयाची, आणि औषध इतक्या हळू कमी करावयाचें कीं निजलेल्या ग्रंथि जाग्या व्हाव्या. २०१५ सालच्या शिफारशींप्रमाणें आरंभीं रोज साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅम, चार ते आठ आठवड्यांत दहापर्यंत उतार, आणि नंतर सुमारें दर महिन्यास एकेक मिलिग्रॅम कमी असा क्रम असतो. आपलें प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

सांधेदुखीवर दोन दिवसांत हमखास गुण देणाऱ्या बिननांवाच्या पुड्या आपल्याकडे विकल्या जातात, आणि तपासणींत त्यांतून पुष्कळदां हेंच द्रव्य निघालें आहे. ती पुडी घेणारास आपण काय घेतों हें ठाऊक नसतें, म्हणून तें सोडावें कसें हेंही ठाऊक नसतें. शेजारणींची भीति अगदींच निराधार नव्हती. ती चुकीच्या जागीं पडली होती, एवढेंच.

अक्कांनीं आतां एक वही घातली आहे. प्रत्येक दिवसापुढें तारीख, गोळीचें प्रमाण, आणि सकाळीं अंग किती वाजतां मोकळें झालें तें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व चालू आहे. त्यांचाही रकाना आहे. परवां मीं ती वही चाळली. बंद केलेल्या त्या पांच दिवसांचें पान त्यांनीं कोरें ठेवलें होतें. मीं कारण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “तूं इतिहासवाला ना? मग तें पान फाडायचें नसतें.” सध्यां त्या ७ मिलिग्रॅमवर आहेत, आणि जिना पूर्वीसारखाच उतरतात.