सरहद्दीवरचा जिल्हा आणि गोपनीय अहवाल

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, 1947 पर्यंत इंग्रजी अमलाखाली असलेल्या सोलापूरला लागून असल्यामुळे येथील सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे आयात-निर्यात मालावर जकात घेणाऱ्या खात्याचे, नाके असत आणि 1947-48 मध्ये सरहद्दीपलीकडील कॅम्पांतून येणारे स्वातंत्र्यसैनिक अशा नाक्यांवर हल्ले करीत. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली आणि संस्थानभरातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. परंतु हा अहवाल अनेक दशके गोपनीय राहिल्याने बाधितांच्या भरपाईची उघड छाननी संसदेला त्याच्या आधारे करता आली नाही.