जहाजावरील केराची कीर्द

व्यापार, तीर्थयात्रा किंवा स्थलांतर यांपैकी कोणतेही निमित्त नसताना केवळ आनंदासाठी समुद्रावर फिरावे, या हौसेला व्यवस्थित धंद्याचे रूप देण्याचे बरेचसे श्रेय हाम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांना द्यावे लागते. हिवाळ्यात अटलांटिकवरील उतारूंची वर्दळ ओसरली की त्यांच्या जहाज कंपनीची मोठमोठी जहाजे धक्क्याला लागून राहत; ती रिकामी ठेवण्यापेक्षा धनिकांना उबदार भूमध्य समुद्राची सफर घडवावी, या हिशेबाने त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज रवाना केले. त्या काळी जहाजावरचा केर म्हणजे मुख्यतः उष्टे अन्न, कोळशाची राख, लाकूड, कागद आणि काच. तो कठड्यावरून पाण्यात लोटण्याचा रिवाज सर्वत्र रूढ होता, आणि दर्या सारे पोटात घालतो या समजुतीने त्याचा कोणाला विधिनिषेध वाटत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर केराची जात पालटली, रिवाज मात्र तसाच राहिला. जे कुजत नाही, विरत नाही, केवळ झिजून बारीक होत जाते, असे प्लॅस्टिक मुदपाकखान्यापासून शयनकक्षापर्यंत शिरले. १९७२ मध्ये कार्पेंटर व स्मिथ या शास्त्रज्ञांनी सार्गासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे असंख्य कण तरंगत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढील वर्षी लंडन येथे जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्यासाठी ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. परंतु केरासंबंधीच्या त्याच्या पाचव्या परिशिष्टाचा अंमल सुरू होण्यास ३१ डिसेंबर १९८८ उजाडला. इतर केरासाठी किनाऱ्यापासून अमुक मैल अशा मर्यादा घालणाऱ्या या परिशिष्टाने प्लॅस्टिक टाकण्यास मात्र समुद्रात कोठेही मुभा ठेवली नाही.

तथापि, भर समुद्रात कायद्याला साक्षीदार कोठून मिळावा? तो मिळाला प्रवाशांमधूनच. १९९१ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘रीगल प्रिन्सेस’ या पर्यटन जहाजावरून केराच्या पिशव्या पाण्यात टाकल्या जात असताना प्रवाशांनी त्याचे चित्रीकरण केले, आणि १९९३ मध्ये त्या जहाजाच्या कंपनीला पाच लाख डॉलरचा दंड झाला. त्याच दशकात केराची नोंदवही सक्तीची झाली: केर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या अक्षांश-रेखांशावर, कोणत्या प्रकारचा आणि अंदाजे किती टाकला, जाळला वा बंदरात उतरवला, हे लिहून जबाबदार अधिकाऱ्याने प्रत्येक नोंदीखाली आणि कप्तानाने प्रत्येक पानाखाली सही करावयाची. दळलेले अन्न पंचवीस मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतके बारीक असेल, तरच ते किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येते. त्यात आवेष्टनाचा एखादा तुकडा मिसळला की ते अन्न राहत नाही, प्लॅस्टिकच ठरते. नेमका असाच प्लॅस्टिकमिश्रित अन्नकचरा बहामाच्या पाण्यात सोडणे आणि प्रशिक्षणाच्या खोट्या नोंदी करणे, हे प्रकार कार्निव्हल या पर्यटन जहाजांच्या कंपनीने २०१९ मध्ये कबूल केलेल्या उल्लंघनांत होते. त्या साऱ्यांबद्दल तिला दोन कोटी डॉलर भरावे लागले.

हा इतिहास पाहता माझे मत असे, की समुद्राचे रक्षण सदिच्छेपेक्षा खऱ्या नोंदीने आणि सावध नजरेने अधिक झाले आहे. आणि जे प्लॅस्टिक जहाजावर चढतच नाही, त्याची नोंदही करावी लागत नाही. आता मुंबईहून गोव्याकडे पर्यटकांची जहाजे जातात, आणि त्यांवर मराठी कुटुंबे हौसेने चढतात. त्या प्रवाशांना माझी विनंती आहे, की तिकीट काढतानाच विचारावे: या जहाजावरचा केर कोणत्या बंदरात उतरतो, आणि एकदाच वापरून फेकावयाच्या वस्तू तुम्ही जहाजावर घेताच कशासाठी?