बीज, जात आणि निवडलेला भ्रूण

रेडीतल्या आमच्या वाचनबैठकीत एका तरुणाने विचारले, "टेस्ट ट्यूब बेबी करताना डॉक्टर निरोगी भ्रूण निवडतात. मग 'चांगले बीज' जपा म्हणणारे जातवाले वेगळे काय सांगत होते?" प्रश्न टाळण्यासारखा नाही.

१९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हाच दावा तपासला आहे. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, संतती सुधारते, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, मग सहभोजनाला बंदी कशाला? एका पंक्तीत जेवल्याने रक्त बिघडते का? आणि इतकी शतके 'निवड' करून निपजले काय, तर खुजी, दम नसलेली प्रजा! त्यांनी आनुवंशिकतेचे शास्त्र नाकारले नाही. शास्त्राचा बुरखा पांघरलेली जात नाकारली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ते ऑगस्ट १९८६ मध्ये. १९९० साली लंडनमध्ये भ्रूणाची पेशी तपासून, मुलग्यांनाच ग्रासणारे आनुवंशिक आजार टाळण्यासाठी मुलीचे भ्रूण निवडले गेले. आपल्याकडे हौस उलटी. दोन मुली असलेले एक जोडपे मुलगा निवडण्याचा हक्क मागत मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००७ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली होती. २०२१ च्या कायद्याने भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांपुरती ठेवली.

मग अशा तपासणीची गरज कोणाला आहे? नागपूरच्या डॉक्टरांनी सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली १९५८ साली. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते, मोजक्या पेशी काढून हे आधीच कळू शकते. (जन्मलेल्या सिकलसेलग्रस्त मुलाचा हक्क याने तसूभरही कमी होत नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो आजार आहेच.)

पण ही तपासणी खासगी दवाखान्यात होते आणि खर्च लाखांत जातो. विदर्भातल्या मजूर जोडप्याच्या हातात सरकारी योजनेतून पडते ते कार्ड, आणि सल्ला एवढाच की वाहकाने वाहकाशी लग्न करू नये.