आंतरखोरे भूजलप्रवाह

आंतरखोरे भूजलप्रवाह : एका खोऱ्यात मुरलेले पाणी मधल्या डोंगराच्या पोटातून शेजारच्या खोऱ्यात उतरणे. नद्यांचे जलविभाजक डोंगरमाथ्यावरून आखले जातात. भूजलाला त्या माथ्याशी काही देणेघेणे नसते. खडकातल्या भेगा आणि पाणीपातळीचा उतार नेईल तिकडे ते जाते. दख्खनच्या काळ्या कातळात विहिरीचे पाणी बहुधा आसपासच्या शिवारात पडलेल्या पावसाचेच असते, म्हणून ही कल्पना मराठी वाचकाला जरा परकी वाटेल. तिची सर्वांत कसून तपासणी झाली ती अमेरिकेत, दक्षिण नेवाडा व त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात.

या मुलखात उत्तर-दक्षिण डोंगररांगा आणि त्यांच्यामध्ये गाळाने भरलेली खोरी अशी रचना आहे. गाळाखाली आणि डोंगरांतही पुराजीव महाकल्पातील चुनखडक व डोलोमाइट यांचे हजारो मीटर जाडीचे थर आहेत. विभंगांनी ते जागोजाग चिरले आहेत आणि काही चिरा पाण्याने विरघळून रुंद झाल्या आहेत. पाण्याची लांबची वाट यांच्यातूनच जाते.

शोधाची पहिली पायरी जमाखर्चाची. जी. बी. मॅक्सी व टी. ई. ईकिन यांनी १९४९ मध्ये पावसाच्या पट्ट्यांवरून पुनर्भरण काढण्याची रीत सांगितली. वर्षाला ८ इंचांहून कमी पाऊस असेल तर मुरणारे पाणी शून्य धरायचे, २० इंचांच्या वर असेल तर पावसाचा चौथा हिस्सा. ही प्रमाणे मुळात खोऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अंदाजाशी मेळ घालत ठरवलेली होती. म्हणजे एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाचा टेकू. तरीही ही रीत दीर्घकाळ वापरात राहिली, कारण तिच्याइतकी स्वस्त दुसरी नव्हती. तिच्याच आधारे ईकिन यांनी १९६६ मध्ये व्हाइट रिव्हर परिसरातील १३ खोरी एकाच प्रवाहात गुंफली. पुनर्भरण मुख्यतः उत्तरेकडच्या उंच, हिमाच्छादित डोंगरांत होते, तर पाण्याचा मोठा वाटा वर येतो दक्षिणेला. मडी नदीच्या उगमाचे झरे वर्षाला सुमारे ३६,००० एकर-फूट, म्हणजे जवळपास ४.४ कोटी घनमीटर पाणी देतात आणि बारमाही जवळजवळ एकसारखे वाहतात. एवढे पाणी भोवतालच्या कोरड्या टेकड्या देऊच शकत नाहीत. मधल्या काही खोऱ्यांत तर पाणीपातळी इतकी खोल आहे की तिथून बाष्पीभवन होत नाही. पाणी मुरते, पण ना झरा, ना ओल. मग ते जाते कुठे, या प्रश्नातूनच सिद्धान्त उभा राहिला.

दुसरी पायरी विंधनविहिरींतल्या पातळ्यांची. यासाठी पैसा आला तो बराचसा अणुचाचण्यांच्या धास्तीने. नेवाडा चाचणीक्षेत्रात १९५१ ते १९९२ या काळात स्फोट झाले, त्यांतले बहुतेक भूमिगत होते, आणि दूषित पाणी कुठे निघेल हे कळणे भाग होते. आय. जे. विनोग्राड व डब्ल्यू. थॉर्डारसन यांनी १९७५ च्या अहवालात दाखवले, की चाचणीक्षेत्राच्या पूर्व भागाखालचे भूजल चुनखडकातून अ‍ॅश मेडोजच्या झऱ्यांकडे सरकते. हे झरे वर्षाला सुमारे १७,००० एकर-फूट पाणी ओततात.

तिसरी पायरी पाण्याच्या ओळखखुणांची. प्रवास हजारो वर्षांचा असल्याने रंग टाकून वाट पाहण्याची सोय नाही. पाण्याने स्वतःबरोबर आणलेलेच वाचावे लागते. उंचावरच्या बर्फात जड हायड्रोजन (ड्यूटेरियम) कमी असतो आणि ती खूण जमिनीखाली सहसा पुसली जात नाही. या आधारावर विनोग्राड व फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये अ‍ॅश मेडोजच्या पाण्याचा ३५ टक्क्यांपर्यंत वाटा ईशान्येच्या पहरानगॅट खोऱ्यातून येत असावा असे मांडले. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून वाटेतल्या खडकाचा माग लागतो. कार्बन-१४ मात्र फसवा साक्षीदार आहे. चुनखडकातला जुना, किरणोत्सर्ग संपलेला कार्बन पाण्यात मिसळला की पाणी आहे त्याहून म्हातारे दिसते. अ‍ॅश मेडोजच्या सुमारे १६ किमी. लांबीच्या झऱ्यांच्या रांगेत मधल्या क्रिस्टल पूलमध्ये कार्बन-१४ शेजारच्या झऱ्यांच्या पाचपट आढळला. विनोग्राड व पिअर्सन यांनी १९७६ मध्ये त्याचा अर्थ लावला तो असा : चुनखडकात पाणी सरसकट पाझरत नाही, काही मोजक्या मोठ्या वाटांनी धावते. तसे असेल तर एका विहिरीच्या नमुन्यावरून अख्ख्या खोऱ्याबद्दल बोलणे धाडसाचेच.

खरा वाद पेटला तो डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीकच्या झऱ्यांवरून. खोऱ्याच्या तळाशी वर्षाला जेमतेम ५० मिमी. पाऊस पडतो, तरी झरे भरभरून वाहतात. फ्युनरल डोंगराखालून पूर्वेचे पाणी येते, हे रूढ मत. अँडरसन, नेल्सन, मेयो प्रभृतींनी २००६ मध्ये त्याला आव्हान दिले : हे पाणी स्थानिकच, पण थंड-ओल्या हिमयुगात मुरलेले असू शकते. ड्यूटेरियमची खूण इथे दोन्ही बाजूंनी बोलते, कारण उंची आणि हिमयुगाची थंडी यांचा परिणाम एकाच दिशेचा. वेन बेल्चर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भूरचना, पातळ्या व रसायन एकत्र मांडून आंतरखोरे प्रवाहाची बाजू घेतली. प्रस्तुत लेखकाला तीच अधिक पटते. एकटी खूण दोन्हीकडे वळवता येते, डोंगराखाली सलग असलेला चुनखडक तसा वळवता येत नाही.

या साऱ्याचे टोक दिसते अ‍ॅश मेडोजमधल्याच डेव्हिल्स होल येथे. चुनखडकातली ही अरुंद भेग १९५२ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारकात सामील झाली. आत सुमारे ३३° से. तापमानाचे पाणी आहे आणि काठाशी, पाण्याखाली थोड्याच खोलीवर, खडकाची एक फळी. इंचभर लांबीचा डेव्हिल्स होल पपफिश हा मासा त्या फळीवरच अंडी घालतो. १९६८ पासून जवळच्या शेतीसाठी उपसा वाढला, पातळी उतरली, फळी उघडी पडू लागली. कॅपर्ट विरुद्ध अमेरिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एकमताने उपशावरील मर्यादा कायम केली. ती मोजायची होती भिंतीत ठोकलेल्या तांब्याच्या एका वॉशरपासून. अखेर ठरले, की पाणी वॉशरच्या २.७ फुटांपेक्षा खाली जाता कामा नये.

पाण्याचे हक्क मात्र नेवाडात खोऱ्याखोऱ्याने वाटले गेले होते. कायोटी स्प्रिंग खोऱ्यात २०१० ते २०१२ दरम्यान मुद्दाम मोठा उपसा करून पाहण्यात आला, तेव्हा शेजारच्या मडी नदीच्या झऱ्यांतले उंचावरचे झरे ओसरले. २०२० मध्ये राज्य अभियंत्याने सात खोरी (त्यांतल्या एकाचा फक्त वायव्य भाग) एकच घटक मानून एकूण उपसा ८,००० एकर-फुटांवर रोखला. हक्कधारक न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने खोरी एकत्र धरण्याचा अधिकार मान्य केला आणि उरलेले मुद्दे खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले.